घरच्या कॉम्प्युटरवर आजीचा सूर

मी म्हैसूरहून बोलतोय. माझा स्टुडिओ म्हणजे झोपायची खोली, जुना लॅपटॉप, एक माईक आणि खिडकीवर टांगलेली गोधडी.

घरातून आवाज बाहेर पोहोचवायचं वेड या गावाला जुनंच आहे. 1935 मध्ये इथले मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी राहत्या घरातून रेडिओ केंद्र सुरू केलं. ‘आकाशवाणी’ हे नाव त्याच केंद्राचं. पुढे ते देशभराच्या रेडिओचं झालं. गंमत बघा, 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली. तक्रार काय, तर पेटीचे सूर ठोकळेबाज, त्यात मींड नाही, श्रुती नाहीत. बंदी मला मुळीच पटत नाही. पण तक्रार खोटी नव्हती आणि कॉम्प्युटरलाही ती लागू पडते.

तानपुऱ्याची खर्जाची तार शांतपणे ऐका. तिच्यातून गंधार आपोआप उमटतो. कॉम्प्युटरचा गंधार त्याहून चढा असतो. दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर साधारण चौदा भाग. कान तयार असेल तर टोचतो.

आमच्या शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या ओव्या नातीने फोनवर रेकॉर्ड केल्या आणि सूर दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढल्या. आजींनी ऐकलं आणि विचारलं, “ही कोण गातेय गं?”

मग आम्ही उलट केलं. मूळ रेकॉर्डिंग ऑडॅसिटीत घेतलं. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आजींनी लांबवलेला सा निवडून ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ उघडलं. सा निघाला काळी तीन आणि पांढरी पाच यांच्या मधोमध! तेव्हा आजींना हलवायचं नाही, वाद्याचं फाइन ट्यूनिंग हलवायचं.

आता मींड. पिच बेंड बहुतेक वाद्यांत आधीपासून दोन सेमीटोनवर ठेवलेला असतो. सा ते शुद्ध गंधार म्हणजे चार, मग मींड अर्ध्यातच अडकते. सेटिंगमध्ये जाऊन तो बारा करा. एवढ्या एका आकड्यापायी कित्येक जण “कॉम्प्युटरवर आपलं संगीत होतच नाही” म्हणून सोडून देतात.

तबलाही लावून पाहिला आणि काढला. आजी श्वास घ्यायला थांबतात, मेट्रोनोम थांबत नाही. आता मागे नुसता तानपुरा आहे. नातीला मात्र खऱ्या जात्याची घरघर हवीय. म्हैसुरात कुणाकडे चालतं जातं असेल तर सांगा. माईक घेऊन मीच येतो.