साखरेचा भाव आणि आपलं मत
(नृसिंहवाडी येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



मघाशी घाटावर एका मावशींनी विचारलं, "इलेक्शनवर बोलणार व्हय? मग ते पुरुषांनी ऐकायचं." म्हणून आज आपल्या शिवारातल्या उसाचंच बोलते.

२०२३ साली पाऊस कमी पडला. साखर अपुरी पडेल ही भीती खरीच होती, पण २०२४ ची लोकसभाही तोंडावर होती. साखर-कांदा महागला की मतदार चिडतो, हे कुठल्याही पक्षाच्या सरकारला पक्कं ठाऊक असतं. ऑक्टोबरात केंद्राने साखर निर्यातीवरचे निर्बंध पुढे चालू ठेवले. ७ डिसेंबरला उसाच्या रसापासून इथेनॉल करायलाही मनाई झाली. ती नंतर थोडी सैल केली. २०२१-२२ च्या हंगामात आपली शंभर लाख टनांहून जास्त साखर परदेशी गेली होती. २०२३-२४ मध्ये परवानगीच मिळाली नाही.

त्याच नोव्हेंबरात जगात कच्च्या साखरेचा भाव बारा वर्षांत नव्हता इतका चढला. सगळा दोष आपला नव्हे, थायलंडचं पीकही कमी होतं. पण आपली साखर घेणाऱ्या बांगलादेशात, सुदानमध्ये चहात साखर किती घालायची हे ठरवणाऱ्या बाईला आपल्याकडे मत नव्हतं. उलटंही होतं. २०२४ मध्ये अमेरिकेने ट्रम्प यांना निवडून दिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या बऱ्याच मालावर तिथे ५० टक्के आयातशुल्क बसलं आणि तिरुपूरच्या शिलाई कारखान्यांतल्या बायका धास्तावल्या. तिथे मत त्यांनाही नव्हतं.

आणि जिला मत आहे तिचं काय? इथून जवळच्या कोप्यांवर बीडकडची एक ऊसतोड करणारी बाई भेटली. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल नवऱ्याच्या हातात. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं आणि गाळपाची तारीख ठरली होती १५. मत दिलंस का, विचारलं. "नाव तिकडं यादीत, आम्ही हिकडं फडात," म्हणाली. पोराला झोळीत टाकून पुन्हा मोळी बांधायला लागली. तिने तोडलेल्या उसाची साखर कुठल्या देशात जायची हे मतांवर ठरतं, आणि तिचं मत तेवढं गावाकडे राहतं. मला याचा फार राग येतो.

मतदानाआधी टोळी हलवू नये किंवा मतदानापुरतं पगारी गावी जाऊ द्यावं, हे मुकादमाशी, कारखान्याशी आपणच बोलायला हवं. त्याआधी मत कुणाकुणाचं हुकलं त्याची यादी हवी. उद्या दुपारी बायका फडातून परततील तेव्हा आम्ही चौघी कोप्यांवर जाणार आहोत. ज्यांना यायचंय त्यांनी आत्ताच नावं द्या, वही मागे फिरते आहे.