गडद तांबड्या किरणांचे कोडे

पानाला कोणता प्रकाश मानवतो, असे एखाद्या माळ्यास विचारले, तर ‘ऊन’ एवढेच उत्तर मिळेल. आणि व्यवहारात ते चूकही नाही. परंतु ऊन हा एकच जिन्नस नव्हे. 1882 साली जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर एंगलमान यांनी हिरव्या शेवाळाच्या एका तंतूवर लोलकातून फुटलेला सप्तरंगी पट्टा पाडला. प्राणवायूकडे धाव घेणारे जंतू त्यांनी त्या पाण्यात सोडले होते. ते तांबड्या आणि निळ्या भागापाशी दाटीने जमले, हिरव्यापाशी तुरळकच. हरितद्रव्य जे किरण अधिक शोषते, त्यांवरच अन्न अधिक तयार होते, असा याचा सरळ अर्थ.

गुंता झाला तो 1943 मध्ये. अमेरिकेत रॉबर्ट इमर्सन आणि चार्ल्टन लुईस हे क्लोरेला नावाच्या एकपेशी शैवालाला एका वेळी एकाच तरंगलांबीचा प्रकाश देऊन प्राणवायू किती सुटतो ते मोजत होते. तरंगलांबी 680 नॅनोमीटरच्या पलीकडे, म्हणजे गडद तांबड्या टोकाकडे जाताच उत्पन्न एकाएकी कोसळले. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) नवल हे की, हरितद्रव्य ते किरण अजून शोषतच होते. खाल्लेले पोटात जात होते, पण अंगी लागत नव्हते!

इमर्सन यांनी हे कोडे सोडले नाही. 1957 मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी त्या गडद तांबड्या प्रकाशाच्या जोडीला आखूड तरंगलांबीचा प्रकाश दिला. तेव्हा दोहोंचे एकत्र उत्पन्न हे त्यांच्या वेगवेगळ्या उत्पन्नांच्या बेरजेहून अधिक भरले.

असे का व्हावे? बांधकामावर खालचा मजूर घमेले परांचीवर देतो आणि तेथला मजूर ते गच्चीवर पोचवतो. खालचा बसून राहिला, तर वरचा कितीही उत्साही असला तरी देणार काय? पानातही पाण्यापासून सुटलेल्या इलेक्ट्रॉनला असेच दोनदा वर उचलावे लागते, आणि गडद तांबडा प्रकाश केवळ वरच्या मजुराला जागे करतो. ही दुहेरी उचल केंब्रिजच्या रॉबिन हिल आणि फे बेंडॉल यांनी 1960 मध्ये मांडली.

तिच्यात एका जुन्या वादाचाही निकाल होता. प्राणवायूच्या एका रेणूसाठी प्रकाशकण किती लागतात? नोबेल पारितोषिकाचे मानकरी ऑटो वारबुर्ग चारच म्हणत; बर्लिनमधील त्यांचेच शिष्य इमर्सन किमान आठ सांगत. गुरूशी असा उघड वाद वर्षानुवर्षे चालवणे सोपे नव्हते. चार इलेक्ट्रॉन, प्रत्येकाला दोन उचली, म्हणजे आठ! हा हिशेब जुळलेला पाहण्यास मात्र इमर्सन उरले नाहीत. 1959 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क येथील विमान अपघातात त्यांचा अंत झाला होता.

दाट आमराईत वरची पाने तांबडे-निळे किरण टिपून घेतात. खाली झिरपतो तो पुष्कळसा गडद तांबडा. तो एकटा जवळजवळ निकामी. पण जोडीला थोडा हिरवा प्रकाश पोचला, की सावलीतल्या पानांना तोही उपयोगी पडतो.