संगणकावरील मराठी लेखन : काही पथ्ये

हैदराबादेतील मराठी समाजाला लेखनाची हौस जुनी. १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी, मराठी ग्रंथसंग्रहालय, साहित्य परिषदेचे ‘पंचधारा’ हे नियतकालिक, ही तिची साक्ष होय. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. शहरातील मराठी माणसे मात्र जागच्या जागी राहिली. तेव्हापासून येथील लेखन सीमेपलीकडे पाठवावे लागते. कागद जात असे तोवर अक्षर वाटेत बिघडण्याचे भय नव्हते. संगणकावर ते आहे.

त्याचे कारण असे. पूर्वी मराठी टंक तयार करणाऱ्या संस्था आपापल्या सोयीने अक्षरे मांडीत. यंत्रात साठे इंग्रजी अक्षर, पडद्यावर त्याला मराठी पोशाख चढे. तो टंक ज्याच्याजवळ नाही त्याला केवळ इंग्रजी अक्षरांचे कडबोळे दिसे. युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक दिला. आता ‘क’ हैदराबादेत, पुण्यात आणि लंडनमध्ये ‘क’च राहतो. म्हणून पहिले पथ्य हे की, लेखन युनिकोडमध्येच करावे. दुसरे त्याहून निकडीचे. संस्थांची इतिवृत्ते, स्मरणिका, वडीलधाऱ्यांच्या आठवणी जुन्या टंकांत अडकून पडल्या असतील, तर ते टंक चालणारे यंत्र जिवंत आहे तोवरच त्यांचे रूपांतर करून घ्यावे. रूपांतर झाल्यावर छापील प्रतीशी ओळ न् ओळ ताडून पाहावी. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे हमखास घसरतात.

कळफलक कोणता, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. इंग्रजी स्पेलिंग लिहून मराठी उमटविणे सोपे वाटते. परंतु ज्याला रोज लिहावयाचे आहे त्याने इनस्क्रिप्ट शिकावा हेच बरे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. हैदराबादकरांना तर त्यात दुहेरी लाभ आहे. ज्या कळेवर मराठी ‘क’ येतो, त्याच कळेवर तेलुगु निवडल्यास तेलुगु ‘क’ येतो, ‘ळ’चेही तसेच. घरात मराठी, शाळेत तेलुगु अशा मुलाला बोटांची सवय एकदाच लावावी लागते. जुन्या टंकलेखकांनी एवढे विसरू नये की, ऱ्हस्व वेलांटी येथे व्यंजनानंतर दाबावयाची असते, आधी नव्हे.

मराठीचे खास दुखणे म्हणजे अर्धा ऱ. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या; ‘आचार्यांना’ वंदन करावे आणि ‘आचाऱ्यांना’ स्वयंपाक सांगावा! हिंदीच्या सवयीने टंकलेखन करणारा दोघांना एकाच पंक्तीस बसवितो. उपाय सोपा आहे. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे दाबून नुक्त्याचा ‘ऱ’ घ्यावा, डी दाबून त्याचा पाय मोडावा आणि मग ‘य’ लिहावा. ‘ॲ’चीही अशीच गंमत आहे. अ लिहून वर चंद्र दिला काय किंवा एकसंध अक्षर घेतले काय, डोळ्यांना एकच दिसते. यंत्राला मात्र ती दोन वाटतात, आणि शोध घेताना निम्मे शब्द सापडत नाहीत. एकसंध अक्षर पत्करावे. जुन्या मजकुरातली सरमिसळ कंट्रोल व एच दाबून ‘शोधा आणि बदला’ या सोयीने एका दमात निस्तरता येते.

मांडणीविषयी थोडक्यात. मथळा मध्यावर आणण्यासाठी मोकळ्या जागेची कळ वीस वेळा बडविणे, किंवा नवे पान हवे म्हणून एंटर दाबीत बसणे, ही टंकयंत्राची सवय सोडावी. एक ओळ वाढली की सारा डोलारा ढासळतो. कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबले की नवे पान मिळते. मथळ्यांसाठी सिद्ध शैली वापरल्यास लांब स्मरणिकेची अनुक्रमणिका यंत्रच करून देते. वर्डसाठी पैसे नसतील तर लिब्रेऑफिस विनामूल्य आहे.

छापखान्याकडे पाठविताना दोन प्रती पाठवाव्यात : एक दुरुस्त करता येईल अशी आणि एक पीडीएफ. दुसरी पाहून मुद्रकाला मूळ पान कसे होते ते कळते. दूरध्वनीवरून त्याला ‘दऱ्या’तला ऱ समजावीत बसावे लागत नाही.