माणूस राखावा की जागा?



ज्या क्रीडाशिक्षकांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्या हाताखाली मी तीन वर्षे फुटबॉल खेळलो. आरंभ एका कबुलीने करतो. आंतरशालेय स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात आपली शाळा हरली, ती माझ्यामुळे. मी स्टॉपर होतो. म्हणजे बचावफळीच्या मध्यभागी उभा राहणारा. प्रतिपक्षाचा सेंटर फॉरवर्ड वारंवार मागे सरकू लागला. त्याला मोकळे सोडायचे नाही, एवढेच मला ठाऊक. मी त्याच्या पाठोपाठ मैदानाच्या मध्यापर्यंत गेलो. मागे पडलेल्या खिंडारातून त्यांचा बगलेवरचा खेळाडू आत शिरला आणि गोल झाला. सर रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर अकरा ठिपके काढून विचारले, “तू माणूस राखत होतास की जागा?”

फुटबॉलमधील सारी व्यूहरचना या एका प्रश्नाभोवती फिरते, हे मला पुढे उमगले. व्यूहाचे आकडे गोलरक्षकाला वगळून, मागून पुढे मोजतात. पूर्वी २-३-५ ही मांडणी रूढ होती : दोन बॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड. ऑफसाइडच्या जुन्या नियमानुसार चढाई करणारा खेळाडू आणि गोलरेषा यांच्या दरम्यान प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू असावे लागत. १९२५ मध्ये ही संख्या दोनवर आली. चढाई सोपी झाली, गोल वाढले. मग मधल्या हाफला दोन बॅकच्या मध्ये खाली ओढण्यात आले. स्टॉपरचा जन्म झाला तो असा.

या स्टॉपरची कोंडी कशी करावी, हे २५ नोव्हेंबर १९५३ रोजी हंगेरीने लंडनच्या वेम्बली मैदानावर दाखवले. त्यांचा सेंटर फॉरवर्ड हिडेगकुटी पुढे थांबेचना. तो मागे राहून खेळू लागला. इंग्लंडच्या स्टॉपरने पाठलाग करावा, तर मागे खिंडार. न करावा, तर हिडेगकुटी मोकळा. हिडेगकुटीने तीन गोल केले आणि हंगेरीने सामना ६-३ असा जिंकला. माझी चूक किती नामांकित होती, हे सरांनी मला असे समजावले!

यावरील एक उत्तर म्हणजे ४-२-४. स्टॉपरच्या जोडीला आणखी एक बचावपटू. एक पुढे गेला, तर दुसरा जागा धरतो. ब्राझीलने १९५८ चा विश्वचषक याच मांडणीने जिंकला. तिची किंमत मधल्या दोघांना मोजावी लागते : चढाईतही तेच आणि बचावातही तेच. म्हणून बगलेच्या खेळाडूंनी मागे येऊन हातभार लावायचा असतो.

ही मांडणी भारतीय संघात रुजवणारे सय्यद अब्दुल रहीम आपल्या हैदराबादचे आणि मूळचे शाळामास्तर, याचा आपणांस अभिमान वाटावा. त्यांच्या मार्गदर्शनाखाली हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांचा खंदा स्टॉपर जर्नेल सिंग डोक्याला जखमी झाला. रहीमसाहेबांनी त्याला उपान्त्य व अंतिम सामन्यात सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरवले. त्याने दोन्ही सामन्यांत गोल केला आणि अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून भारताने सुवर्णपदक मिळवले. त्याची मागची जागा सहकाऱ्यांनी सांभाळली, म्हणूनच तो पुढे जाऊ शकला.

सरांच्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे. जागा एकट्याची नसते, संघाची असते. ती सोडण्यास हरकत नाही. मात्र सोडण्यापूर्वी सोबत्याला हाक द्यावी आणि सोबत्याने ती ऐकावी.

सर गेल्यापासून शाळेच्या मैदानावर सायंकाळी मुलांना शिकवायला कोणी नाही, असे मुख्याध्यापकांकडून समजले. येथे बसलेल्या अनेकांना सरांनी खेळ शिकवला आहे. प्रत्येकाने आठवड्यातील एक सायंकाळ दिली, तरी ती जागा भरेल. शनिवार माझा. उरलेल्या दिवसांसाठी मी आपणांस हाक देत आहे.