दोघांकडून एकेक प्रत



ही परिषद मुंबईत भरावी, हे मला फार योग्य वाटतं. चेतातंतूंवरच्या मायलिन या आवरणाचा एक आनुवंशिक आजार या शहरानं बारकाईनं टिपला. त्यात बाळाचं डोकं पहिल्या वर्षातच वाजवीपेक्षा मोठं होतं. एमआरआयमध्ये मेंदूचा पांढरा भाग पाण्यानं फुगलेला दिसतो. ती फिल्म पाहून वाटावं, हे मूल उठून बसणारही नाही. आणि ते चालत, बोलत खोलीत येतं! पावलं लटपटू लागतात ती सावकाश, पुढच्या वर्षांत. फिट्स येतात. डोक्याला किरकोळ मार लागला तरी प्रकृती एकदम ढासळू शकते. नेदरलँड्समध्ये डॉ. व्हान डर क्नाप यांनी 1995 मध्ये याचं वर्णन केलं. 1996 मध्ये मुंबईचे डॉ. भीम सेन सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अग्रवाल समाजातल्या मुलांमध्ये तो नोंदवला. 2001 मध्ये त्यामागचं, 22व्या गुणसूत्रावरचं एमएलसी1 हे जनुक सापडलं. अग्रवाल कुटुंबांत त्या जनुकात एकाच जागी एक अक्षर जादा आढळलं, कुणा समाईक पूर्वजाकडून पिढ्यान् पिढ्या आलेलं.

अशा मुलाची आई काय काय ऐकून दवाखान्यात येते, ते आपण सगळे जाणतो. ग्रहण पाळलं नाहीस, पायगुण वाईट. पण हा आजार व्हायला सदोष प्रत आईकडून एक आणि वडिलांकडून एक यावी लागते. दोघंही स्वतः निरोगी वाहक असतात आणि प्रत्येक गर्भारपणात धोका 25 टक्के राहतो. म्हणून माझा आग्रह आहे, अहवाल समजावताना वडिलांना आणि जमल्यास सासू-सासऱ्यांनाही समोर बसवा.

सगळे आजार असे दोघांकडून येत नाहीत. शार्को-मारी-टूथ या चेतातंतूंच्या आजाराच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात 17व्या गुणसूत्राचा एक तुकडा दुबार असतो, आणि तो एका पालकाकडून आला तरी पुरतो. अ‍ॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी या आजाराचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यानं मुलग्यात ते आईकडूनच येतं. तिथंही अपराध तिचा नाही, आणि हे तिला डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचं असतं.

दुपारचं सत्र आम्ही केवळ पालकांच्या प्रश्नांसाठी राखलं आहे. वाहक-चाचणीबद्दल मराठीत, हिंदीत, मारवाडीत विचारा. तज्ज्ञांना विनंती, जेवणानंतर विमानतळ गाठण्याची घाई करू नका.