उष्ण देशांतून उष्ण देशाकडे

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. माझे एक स्नेही, निवृत्त शिक्षक, पूर्व आफ्रिकेंतील केनिया देशाच्या सहलीला निघाले. निघण्यापूर्वीं पंधरा दिवस ते मजकडे आले, तेव्हां मीं सहज विचारलें, "प्रकृतीच्या दृष्टीनें कांहीं तयारी केलीत काय?" ते हंसून म्हणाले, "सक्तीची म्हणून एक लस टोंचून घेतली, तेवढी पुरे. अहो, माझा जन्म रत्नागिरीचा. ऊन आणि डास यांची भीति साहेबानें बाळगावी, आपण नव्हे!" त्या वेळीं हा विनोद मलाही आवडला. पुढें तो त्यांना महाग पडला. कसा, तें शेवटीं सांगेन. आज बोलावयाचें आहे तें त्या विनोदामागील समजुतीविषयीं.

उष्ण कटिबंध म्हणजे कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधला पृथ्वीचा पट्टा. सबंध महाराष्ट्र आणि गोवा या पट्ट्यांतच मोडतात. त्यामुळें थंड देशांतला मनुष्य उष्ण देशाला जातांना जितका भितो, तितका आपण भीत नाहीं. हें धैर्य कांहीं अंशीं रास्त आहे. घाम कसा निभवावा, दुपारीं सावली कोठें धरावी, हें आपणांस कोणी शिकवावयास नको. परंतु एका उष्ण देशाची संवय दुसऱ्या उष्ण देशांत जशीच्या तशी उपयोगी पडत नाहीं. तेथील उंची निराळी, पाणी निराळें, रोगही निराळे.

याची साक्ष इतिहासांतच आहे. १८९६ ते १९०१ या काळांत मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग बांधला गेला. त्यासाठीं हिंदुस्थानांतून सुमारें ३२,००० मजूर नेण्यांत आले आणि त्यांतील सुमारें २,५०० जण तेथेंच मरण पावले. १८९८ सालीं सावो नदीवरील पुलाच्या कामावर दोन सिंहांनीं मजुरांना तंबूंतून ओढून नेलें, ती हकीकत जगभर गाजली. परंतु ताप आणि हगवण यांनीं नेलेल्यांची संख्या सिंहांच्या बळींहून कितीतरी मोठी होती. तीं माणसेंही उष्ण देशांतलींच होतीं.

प्रथम कपड्यांविषयीं. केनियाच्या मधून विषुववृत्त जातें, एवढें भूगोलांत वाचून पुष्कळ लोक केवळ सुती कपडे भरतात. मोंबासाच्या किनाऱ्यावर तें योग्यच आहे. तेथील हवा कोंकणासारखीच दमट. पण नैरोबी शहर समुद्रसपाटीपासून १,७०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही उंच. जुलै-ऑगस्टमध्यें तेथें रात्रीं तपमान १२ अंशांच्या आसपास उतरतें. नेमक्या याच दिवसांत मसाई मारा अरण्यांतले प्राण्यांचे कळप पाहावयास लोकांची गर्दी होते आणि पहांटे उघड्या मोटारींतून हिंडावें लागतें. तेव्हां एक जाड स्वेटर, कानटोपी आणि पायमोजे अवश्य घ्यावे. पाऊस तेथें दोनदां येतो. मार्च ते मे मोठा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर लहान. अरण्यांत गडद निळे व काळे कपडे टाळावे, कारण निद्रारोग पसरविणारी त्सेत्से माशी या रंगांकडे ओढली जाते. फिकट खाकी किंवा बदामी रंग बरा. बाह्या लांब असाव्या.

आतां त्या सक्तीच्या लशीविषयीं. ती पीतज्वराची लस. हा ज्वर आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका या खंडांत आहे. आपल्या देशांत तो नाहीं. पण तो पसरविणारा एडिस जातीचा डास मात्र आपल्या कुंड्यांत, पिंपांत आणि टाकलेल्या टायरांत सुखानें नांदतो. डेंग्यू तोच पसरवितो. वाळलेलें सरपण घरांत रचलेलें आहे आणि ठिणगी तेवढी बाहेरून यावयाची आहे, अशी ही स्थिति. ती ठिणगी एखाद्या प्रवाशाच्या रक्तांतून येऊं शकते. म्हणून केनियासारख्या देशांतून परतणाऱ्याजवळ लशीचा दाखला नसेल, तर आपलें सरकार त्याला ६ दिवसांपर्यंत अलग ठेवतें. या रोगाचीं लक्षणें दिसावयास साधारण ३ ते ६ दिवस लागतात, त्यावरून ही मुदत ठरलेली आहे. म्हणजे हा दाखला मुख्यतः आपलाच देश परततांना मागतो, आणि तो आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या रक्षणासाठीं मागतो. त्याला कटकट समजूं नये.

ही लस कोठेंही मिळत नाहीं. सरकारमान्य केंद्रांतच मिळते, आणि तेथें दिवस अगोदर ठरवून घ्यावा लागतो. टोंचल्यानंतर १० दिवसांनीं दाखला ग्राह्य होतो. त्यामुळें तिकीट काढतांच लशीचा दिवस ठरवावा. पूर्वीं दर १० वर्षांनीं ती पुन्हा घ्यावी लागे; ११ जुलै २०१६ पासून एकदां घेतलेली लस जन्मभर मान्य आहे. जुना पिवळा दाखला पेटींत असेल तर तो जपून ठेवा. ही जिवंत जंतूंची लस असल्यामुळें नऊ महिन्यांच्या आंतील मुलांना ती देत नाहींत. अंड्याची तीव्र बाधा होणारे, रोगप्रतिकारशक्ति क्षीण झालेले, गर्भवती स्त्रिया आणि साठी ओलांडलेले यांनीं आपल्या प्रकृतीची सर्व हकीकत डॉक्टरांस सांगूनच पुढें जावें.

हिंवतापाविरुद्ध मात्र प्रवाशाला अशी एका टोंचणीनें निश्चिंत करणारी सोय नाहीं, आणि त्याचा दाखलाही कोणी मागत नाहीं. म्हणूनच त्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होतें. डासाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु वाढतात, हा शोध रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजीं आपल्याच सिकंदराबादेंत लागला. तेव्हां हा रोग आपणांस परका नाहीं, हें खरें. परंतु आफ्रिकेंत आढळतो तो बहुतांशीं फाल्सिपेरम नांवाच्या जातीचा. ही जात सर्वांत घातक. उपचारास उशीर झाला तर ती मेंदूपर्यंत जाते आणि थोड्याच दिवसांत प्राण घेते. "मला लहानपणीं हिंवताप येऊन गेला आहे" या बोलण्यांत संरक्षण कांहींच नाहीं. वारंवार लागण झाल्यानें जी अपुरी प्रतिकारशक्ति येते, ती लागण थांबली कीं ओसरते.

नैरोबींत हा धोका थोडा. किनाऱ्यावर आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या कांठीं पुष्कळ. यासाठीं प्रतिबंधक गोळ्या असतात. कोणत्या घ्याव्या, हें डॉक्टरांनीं ठरवावें. आपल्या घरांतल्या जुन्या क्लोरोक्विनच्या गोळ्या तेथें चालत नाहींत. त्या औषधाला तेथील जंतु केव्हांच निर्ढावले आहेत. कांहीं गोळ्या निघण्याच्या आदल्या दिवशीं सुरू करावयाच्या, तर कांहीं दोन-तीन आठवडे आधीं. आणि महत्त्वाची गोष्ट अशी कीं, घरीं परतल्यावरही त्या थांबवावयाच्या नसतात. कांहीं ७ दिवस, कांहीं ४ आठवडे पुढें चालू ठेवाव्या लागतात. अखेरच्या रात्रीं डास चावला असेल, तर त्याचे जंतु तुमच्याबरोबर विमानांतून घरीं आलेले असतात! याखेरीज हिंवतापाचा डास सांजवेळेपासून पहांटेपर्यंत चावतो, म्हणून त्या वेळांत अंगभर कपडे, उघड्या त्वचेला डासरोधक मलम आणि रात्रीं मच्छरदाणी, हा नेम सोडूं नये.

पाण्याची गोष्ट आपणांस ठाऊक आहे, तरी दोन शब्द. पाणी खळखळून उकळूं लागल्यावर १ मिनिट उकळूं द्यावें. २,००० मीटरांहून उंच ठिकाणीं ३ मिनिटें, कारण उंचीवर पाणी कमी उष्णतेवर उकळतें. बर्फ आणि कच्च्या भाज्यांची कोशिंबीर टाळावी. जलसंजीवनीचीं पाकिटें बरोबर असावीं. येथें आपल्या एका सद्भावनेपासून सावध करतों. नदी किंवा तळें दिसलें कीं हातपाय धुवावे, जमल्यास बुडी मारावी, ही आपली रीत. व्हिक्टोरिया सरोवरांत ती पाळूं नका. तेथील गोगलगाईंतून निघणारे सूक्ष्म कृमि अखंड कातडींतूनही शरीरांत शिरतात आणि बिल्हार्झिया नांवाचा रोग उत्पन्न करतात. आपल्याकडे तो जवळजवळ अपरिचित असल्यामुळें परतल्यावर लवकर ओळखूंही येत नाहीं. नमस्कार कांठावरूनच करावा. समुद्रस्नानाला ही भीति नाहीं.

घरोघरच्या आणखी एका रीतीस तेथें कायद्याचा अडसर आहे. चिवडा, शंकरपाळे आणि लाडू प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून नेण्याची आपली पद्धत. केनियांत २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या हातपिशव्यांस बंदी आहे; दंड जबर आणि कारावासाचीही तरतूद. २०२० सालापासून राखीव अरण्यांत एकदां वापरून टाकावयाच्या प्लॅस्टिकच्या बाटल्याही नेतां येत नाहींत. तेव्हां फराळ डब्यांत भरावा, चपला कापडी पिशवींत गुंडाळाव्या आणि पाण्यासाठीं धातूची बाटली घ्यावी.

भाषेविषयीं चिंता नको. स्वाहिली ही तेथील भाषा अरबी व्यापाऱ्यांच्या सहवासांत वाढली, त्यामुळें चहाला ते चाय म्हणतात, औषधाला दावा आणि दुकानाला दुका. दोन शब्द मात्र पाठ करून जावें: होमा म्हणजे ताप आणि माजी म्हणजे पाणी. घड्याळाच्या बाबतींत विशेष जपावें. आपल्या पंचांगांत घटिका सूर्योदयापासून मोजतात, तसेच स्वाहिली तासही उजाडल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास. मोटारवाल्यानें स्वाहिलींत "दुसऱ्या तासाला येतों" म्हटलें, तर तो आठ वाजतां येणार असें समजावें. दोन वाजेपर्यंत वाट पाहत बसलांत, तर तो येऊन परत गेलेला असेल.

आतां माझ्या स्नेह्यांकडे वळतों. माझ्या आग्रहाखातर त्यांनीं हिंवतापाच्या गोळ्या डॉक्टरांकडून लिहून घेतल्या आणि प्रवासांत नेमानें घेतल्याही. अखेरचे चार दिवस मोंबासाच्या किनाऱ्यावर काढून ते जुलैच्या मध्यास घरीं आले. "आतां घरीं आलों, औषध कशाला?" म्हणून उरलेल्या गोळ्या त्यांनीं कपाटांत ठेवून दिल्या. बाराव्या दिवशीं ताप भरला. पावसाळ्याचे दिवस, घरटी एक माणूस तापानें निजलेलें. जवळच्या डॉक्टरांनीं साथीचा ताप समजून औषध दिलें. त्यांनीं प्रवासाविषयीं विचारलें नाहीं आणि यांनींही सांगितलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं ते असंबद्ध बोलूं लागले, तेव्हां गांवाहून आलेल्या मुलीनें रुग्णालयांत नेतांच पहिलें वाक्य उच्चारलें, "बाबा आफ्रिकेंतून आलेले आहेत." तासाभरांत रक्त तपासलें गेलें आणि फाल्सिपेरमचे जंतु सांपडले. नऊ दिवसांनीं ते घरीं आले. आणखी एक दिवस उशीर झाला असता, तर काय झालें असतें, हें डॉक्टरांनीं त्यांना मागाहून सांगितलें.

म्हणून, श्रोतेहो, आजच्या भाषणांतील बाकीचें सारें विसरलांत तरी एक गोष्ट ध्यानांत ठेवा. परत आल्याच्या दिवशीं एका चिठ्ठीवर देशाचें नांव आणि तेथून निघाल्याची तारीख लिहून ती आपल्या औषधाच्या डब्यांत ठेवा, आणि घरच्या माणसांना दाखवून ठेवा. हिंवताप डास चावल्यावर निदान सात दिवसांनीं, क्वचित् कित्येक महिन्यांनींही डोकें वर काढतो. तेव्हां पुढील वर्षभरांत केव्हांही ताप आला, मग बाहेर साथ असो वा नसो, त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें आणि आपलें दुखणें सांगण्यापूर्वीं आपला प्रवास सांगावा. माझे स्नेही आतां नव्यानें प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकाला असें वाक्य तोंडपाठ करावयास लावतात. रत्नागिरीचा उल्लेख मात्र ते आतां करीत नाहींत.

आपला प्रवास सुखाचा होवो.