बंडामागील हिशेब



साम्राज्याच्या सीमेवरील प्रांताचा कारभार कसा चाले, हे पाहावयाचे तर रोमन ब्रिटनकडे पाहावे. तेथे सैन्य सुभेदाराच्या हाती, तर खजिना सम्राटाच्या वेगळ्या अधिकाऱ्याच्या हाती असे.

आइसेनी जमातीचा राजा प्रासुटागस याने आपल्या दोन मुलींबरोबर सम्राट नीरोलाही वारस नेमले. घर वाचावे हा हेतू. तो मरताच अधिकाऱ्यांनी सारे राज्यच लुटले. राणी बुडिकाला फटके मारले, मुलींवर बलात्कार केले. इतिहासकार डिओ आणखी एक कारण नोंदवतो: तत्त्वज्ञ सेनेकाने व्याजाच्या आशेने दिलेले ४ कोटी सेस्टर्स एकदम परत मागितले. इ. स. ६०-६१ च्या बंडात लंडनसह तीन नगरे जळाली.

बंड चिरडल्यावरही सुभेदार पॉलिनसने सूडसत्र चालूच ठेवले. त्याला विरोध केला तो नवा खजिनदार क्लासिशिआनस याने. टॅसिटसला त्यात वैयक्तिक वैर दिसते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हिशेबही दिसतो. पेरणीच न झालेल्या शेतातून कर कोठून येणार? अखेर सुभेदार बदलला गेला.

परंतु कर उठला नाही, सत्ता हलली नाही. बदलली ती केवळ वसुलीची रीत. सौम्य कारभार म्हणजे न्याय्य कारभार नव्हे, हे कार्यकर्त्याने कधीही विसरू नये.